अर्भके व लहान मुलांमधील बुरशीजन्य मेंदूज्वर

ग्वाल्हेरमधील ‘लष्कर’ या भागाचे नाव मराठी सत्तेच्या काळातले आहे. १८१० साली दौलतराव शिंदे यांच्या फौजेचा तळ येथे पडला आणि तळाचे पुढे शहर झाले. जयाजीराव शिंदे यांच्या नावाचे जयारोग्य रुग्णालय, १९४६ मध्ये स्थापन झालेले गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय आणि स्त्रिया व बालकांसाठीचे कमलाराजा रुग्णालय या तिन्ही संस्था याच शहरात परस्परांशी जोडलेल्या आहेत. गजराराजा या माधवराव शिंदे यांच्या पत्नी आणि कमलाराजा ही त्यांची कन्या. माय-लेकींच्या नावांच्या या संस्थांकडे आज भिंड, मुरैना, दतिया, शिवपुरी, श्योपूर या जिल्ह्यांतून आजारी अर्भके पाठवली जातात. श्योपूरहून येणाऱ्या बाळाला तर सुमारे २०० किलोमीटरचा प्रवास करावा लागतो.

गोव्यातील वाचकाला हे चित्र अनोळखी नाही. राज्यभरातून, शिवाय सिंधुदुर्ग आणि कारवारकडूनही, अत्यवस्थ रुग्ण शेवटी बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात पोहोचतात. एका मोठ्या प्रदेशाचा भार एकाच रुग्णालयावर असला की तेथील नवजात कक्षात अपुऱ्या दिवसांची, अतिशय कमी वजनाची आणि आधीच कोठेतरी उपचार घेऊन आलेली बाळे एकत्र येतात. बुरशीजन्य मेंदूज्वर हा विशेषतः अशाच बाळांना गाठणारा आजार आहे.

मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याभोवती पातळ आवरणे असतात. त्यांच्यामधून एक स्वच्छ, पाण्यासारखा द्रव खेळत असतो. या आवरणांना सूज आली की त्या आजाराला वैद्यकीय परिभाषेत मस्तिष्कावरणदाह आणि बोलीत मेंदूज्वर म्हणतात. बहुतेक वेळा त्यामागे जिवाणू किंवा विषाणू असतात. भारतात क्षयाच्या जंतूंचा वाटाही मोठा आहे. क्वचित प्रसंगी हे काम बुरशी करते. क्वचित म्हणजे किती, हे सांगणे अवघड आहे, कारण हा आजार ज्याने शोधला त्यालाच सापडतो.

लहान वयात त्याचे दोन वेगळे प्रकार दिसतात आणि त्यांची सरमिसळ करू नये. पहिला नवजात अर्भकांचा. त्यात कँडिडा ही बुरशी प्रमुख असते. दुसरा थोड्या मोठ्या मुलांचा; त्यात क्रिप्टोकॉकस नावाची बुरशी मुख्यतः आढळते. पहिला आजार बहुधा रुग्णालयात जडतो, दुसरा बाहेरच्या हवेतून येतो.

वाचलेल्या बाळाचा आजार

कँडिडा ही काही परकी बुरशी नव्हे. माणसाच्या तोंडात, आतड्यात, त्वचेवर आणि स्त्रियांच्या जननमार्गात ती एरवी निरुपद्रवीपणे राहते. पूर्ण दिवसांच्या धडधाकट बाळाच्या जिभेवर पांढरे चट्टे दिसतात तेही तिचेच. त्या चट्ट्यांवर तोंडात लावायचे औषध पुरते आणि त्यांतून मेंदूज्वर होईल या भीतीने घाबरून जाण्याचे कारण नसते.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाची गोष्ट निराळी. अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या आधी जन्मलेल्या किंवा एक किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाची त्वचा ओल्या कागदाइतकी नाजूक असते. संरक्षक पेशी संख्येने अपुऱ्या आणि कामात कच्च्या असतात. गर्भाच्या अखेरच्या महिन्यांत आईकडून मिळणारी प्रतिपिंडे त्याला पुरेशी मिळालेली नसतात. असे बाळ जगावे म्हणून जे केले जाते, त्यातील जवळजवळ प्रत्येक उपाय बुरशीला एक दार उघडून देतो. काचेच्या पेटीतील ऊब आणि दमटपणा बाळाला हवाच असतो, पण तो बुरशीलाही मानवतो. मोठ्या शिरेत घातलेली आणि अनेक दिवस ठेवलेली नळी, शिरेतून दिले जाणारे साखर-स्निग्धांशयुक्त पोषण, श्वासनलिकेतील नळी, आतड्याची शस्त्रक्रिया, आम्ल कमी करणारी औषधे आणि स्टेरॉइड हे सारे त्याच यादीत येतात.

सर्वांत मोठे दार मात्र प्रतिजैविकांचे. आतड्यातील जिवाणू आणि बुरशी जागेसाठी एकमेकांशी झगडत असतात. व्यापक परिणामाची प्रतिजैविके जिवाणूंना मारतात, बुरशीला हातही लावत नाहीत. रिकाम्या झालेल्या जागेत ती फोफावते, आतड्याच्या पातळ भिंतीतून किंवा नळीवाटे रक्तात उतरते आणि रक्तातून मूत्रपिंड, डोळ्याचा पडदा, हृदयाच्या झडपा व मेंदू येथे जाऊन बसते. नवजात बाळात रक्त आणि मेंदू यांच्यामधला बांध अजून पक्का झालेला नसतो. त्यामुळे रक्तात बुरशी सापडली की मेंदूही तपासला पाहिजे, हा बालरोगशास्त्रातील नियमच आहे.

पुढचा क्रम कोणत्याही नवजात कक्षात काम केलेल्या डॉक्टरला परिचित असतो. जन्मानंतरचे पहिले संकट टळलेले असते. बाळ दूध पचवू लागलेले असते, वजनाचा काटा हळूहळू वर सरकत असतो, बाहेर थांबलेल्या आजीला ‘आता धोका नाही’ असे कळलेले असते. मग दुसऱ्या किंवा तिसऱ्या आठवड्यात बाळ मलूल होते. दूध पचत नाही, पोट फुगते, मध्येच श्वास थांबतो, अंग कधी थंड तर कधी तापलेले लागते. रक्तातील साखर कारण नसताना वाढते. रक्ततपासणीत बिंबिका, म्हणजे प्लेटलेट, घसरलेल्या दिसतात. टाळू फुगणे, आकडी येणे, डोक्याचा घेर भराभर वाढणे ही मेंदूकडे बोट दाखवणारी लक्षणे उशिरा येतात आणि अनेकदा येतही नाहीत. मोठ्या माणसाप्रमाणे मान ताठ होण्याची वाट या वयात पाहता येत नाही.

अशा वेळी संशय प्रथम जिवाणूंवर जातो आणि ते स्वाभाविकच आहे, कारण बहुतेक वेळा दोष त्यांचाच असतो. प्रतिजैविक बदलून अधिक तीव्र दिले जाते. आजार बुरशीचा असेल तर या बदलाने तो आटोक्यात येत नाही, उलट त्याला आणखी मोकळीक मिळते.

रक्त स्वच्छ, मेंदू दूषित

निदानातील खरा पेच अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासाने स्पष्ट केला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात एक किलोपेक्षा कमी वजनाच्या ४,५७९ बालकांची नोंद होती. त्यांपैकी ३२० जणांना कँडिडाचा खोलवर संसर्ग झाला आणि २७ जणांना मेंदूज्वर. या २७ पैकी १३ बालकांच्या रक्ताच्या तपासणीत बुरशी उगवलीच नव्हती. म्हणजे रक्ताच्या अहवालावर विसंबून राहिले असते तर जवळजवळ निम्मी बाळे निसटली असती. संसर्ग झालेल्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश बालके एकतर दगावली किंवा वाढीतील दोषांसह जगली.

म्हणून पाठीतून पाणी काढण्याची तपासणी टाळता येत नाही. कमरेच्या खालच्या मणक्यांमधून बारीक सुई घालून द्रवाचे काही थेंब घेतले जातात. मज्जारज्जू त्या जागेच्या वरच संपलेला असतो, त्यामुळे त्याला इजा होण्याचा धोका नसल्यात जमा असतो. तरीही ‘पाठीतून पाणी काढले की मूल लुळे पडते’ हा समज चंबळच्या खोऱ्यात जितका घट्ट आहे तितकाच कोकणातही. अनेक घरांत हा निर्णय बाळाची आई घेत नाही. ती प्रसूतिकक्षात असते आणि सही करायला आलेला काका किंवा आजोबा नकार देऊन मोकळा होतो. या समजाचे मूळ शोधायला फार दूर जावे लागत नाही. ज्या मुलांची ही तपासणी होते ती आधीच गंभीर आजारी असतात. त्यांच्यापैकी काहींना पुढे अपंगत्व येते आणि दोष आजाराऐवजी सुईवर जातो.

द्रव हाती आला तरी काम संपत नाही. नवजात बाळाच्या द्रवात पेशी आणि प्रथिने मुळातच थोडी जास्त असतात. बुरशीच्या संसर्गात ती फारशी वाढतीलच असे नाही. पेशींची संख्या आणि साखर अगदी सामान्य असतानाही बुरशी उगवल्याची उदाहरणे आहेत. म्हणून पेशी मोजून थांबायचे नसते, द्रव बुरशीसाठी वाढवून पाहावा लागतो आणि तसे प्रयोगशाळेला चिठ्ठीवर लिहून कळवावे लागते. काढलेला द्रव जेमतेम एक मिलिलिटर असेल तर त्यात सापडणाऱ्या बुरशीच्या पेशीही मोजक्याच असतात, त्यामुळे पुन्हा तपासणी करण्याची वेळ येते.

एका बाबतीत अर्भकाचे शरीर डॉक्टरला मदत करते. टाळू उघडी असल्याने सोनोग्राफीची काडी तिच्यावर ठेवून, बाळाला पेटीतून न हलवता, मेंदू पाहता येतो. आतील पोकळ्या फुगल्या आहेत का, बारीक गळवे दिसतात का, याचा त्यातून अंदाज येतो. अधिक बारकाव्यासाठी एमआरआय लागतो. याच्याच जोडीला मूत्रपिंडांची सोनोग्राफी, हृदयाची इको तपासणी आणि डोळ्यांच्या पडद्याची तपासणी करतात, कारण बुरशी एका ठिकाणी थांबलेली नसते.

चंदीगडचे तेवीस महिने

भारतात बुरशीने नवजात कक्षात काय अनर्थ होऊ शकतो याचे सर्वांत नीट नोंदले गेलेले उदाहरण ग्वाल्हेरच्या उत्तरेला, चंदीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्थेतले आहे. एप्रिल १९९६ ते फेब्रुवारी १९९८ या तेवीस महिन्यांत तेथील बालविभागात ३७९ नवजात अर्भके व मुले पिचिया अनोमाला नावाच्या यीस्टने रक्तदूषित झाली. ही बुरशी एरवी फळे, वनस्पती आणि आंबवलेल्या पदार्थांवर आढळते. बाळांच्या रक्तात तिचे काही काम नव्हते. तपास करताना ती काळजी घेणाऱ्यांच्या हातांवर सापडली.

संस्थेने हे लपवले नाही; आकडे, चुका आणि उपाय यांसह सारे शास्त्रीय नियतकालिकात २००१ मध्ये प्रसिद्ध केले. साथ आटोक्यात आली ती दोन गोष्टींनी. हात धुण्याबाबत सर्व कर्मचाऱ्यांमध्ये मोहीम राबवली गेली आणि अपुऱ्या दिवसांच्या व जास्त धोका असलेल्या बाळांना निस्टॅटिन व फ्लुकोनॅझोल ही बुरशीनाशके प्रतिबंध म्हणून देण्यात आली. आज याच संस्थेत रोगकारक बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे आणि देशभरातून न ओळखता आलेले नमुने तेथे पाठवले जातात.

तेव्हापासून एक नवा पाहुणा आला आहे. कँडिडा ऑरिस ही बुरशी २००९ मध्ये जपानमध्ये एका रुग्णाच्या कानातून प्रथम वर्णन केली गेली; ऑरिस म्हणजे लॅटिनमध्ये कान. काही वर्षांतच ती दिल्लीच्या रुग्णालयांतून नोंदली गेली, त्यात नवजात बालकेही होती. खाटेचा दांडा, तपासणीची यंत्रे अशा कोरड्या पृष्ठभागांवर ती दीर्घकाळ टिकते, नेहमीच्या जंतुनाशकांना सहज दाद देत नाही आणि फ्लुकोनॅझोलला तर बहुधा जुमानतच नाही. साध्या यंत्रांवर तिची ओळख चुकते आणि ती दुसऱ्याच नावाने अहवालात येते. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये धोकादायक बुरशींची पहिली यादी जाहीर केली. तिच्या सर्वोच्च गटात चार नावे आहेत : क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्स, कँडिडा ऑरिस, ॲस्परजिलस फ्युमिगेटस आणि कँडिडा अल्बिकन्स. यांतील पहिल्या नावाचा संबंध मोठ्या मुलांशी आहे.

झाडाच्या ढोलीतील बुरशी

क्रिप्टोकॉकस माणसात मुळात राहत नाही. कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेत आणि जुन्या झाडांच्या कुजलेल्या लाकडात ती वाढते. मध्य प्रदेशातच जबलपूर शहरातील जिवंत झाडांच्या ढोल्यांमधून तिच्या दोन्ही प्रमुख जाती संशोधकांनी वेगळ्या केल्या आहेत आणि ते काम २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. उत्तर भारतात निलगिरी व जांभळाच्या झाडांवरही ती मिळाली आहे. यावरून कोणी दारचे जांभूळ तोडायला निघू नये. ही बुरशी आपण सारेच श्वासावाटे कधी ना कधी घेतो आणि निरोगी फुप्फुस तिला तेथेच अडवते.

मुलांमध्ये हा आजार प्रौढांच्या मानाने बराच कमी दिसतो. ज्यांची प्रतिकारशक्ती ढासळली आहे अशांना तो होतो : एचआयव्ही असलेली मुले, रक्ताच्या कर्करोगावर उपचार घेणारी, दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारी किंवा जन्मतःच प्रतिकारशक्तीत दोष असलेली. मात्र क्रिप्टोकॉकस गॅटी ही जात वरवर धडधाकट दिसणाऱ्या मुलालाही क्वचित गाठते. गर्भवतींची एचआयव्ही तपासणी आणि एप्रिल २००४ पासून सुरू झालेले मोफत एआरटी उपचार यांमुळे पहिल्या गटातील मुलांची संख्या घटली, ही या विषयातील मोजक्या समाधानाच्या गोष्टींपैकी एक आहे.

हा आजार हळू चालतो. दोन-तीन आठवडे डोके दुखते, सकाळी उलटी होते, ताप असतो किंवा नसतोही. मूल चिडचिडे होते, शाळेत लक्ष लागत नाही, डोळे तिरळे होतात किंवा एकाऐवजी दोन दिसू लागतात. नेमकी हीच लक्षणे क्षयाच्या मेंदूज्वराची असतात. पाठीतील द्रवही दोन्हींत सारखाच बोलतो : लसिका पेशी वाढलेल्या, साखर उतरलेली, प्रथिने चढलेली. क्षयाचे प्रमाण मोठे असलेल्या देशात डॉक्टरने प्रथम क्षयावर उपचार सुरू करावेत हे योग्यच आहे, कारण तेथे एकेक दिवस मोलाचा असतो.

अडचण पुढे येते. क्षयाच्या मेंदूज्वरात स्टेरॉइड देणे हा मान्य उपचार आहे. क्रिप्टोकॉकसमध्ये तेच स्टेरॉइड घातक ठरू शकते. आशिया व आफ्रिकेतील एचआयव्हीबाधित प्रौढ रुग्णांवर केलेली चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. स्टेरॉइड मिळालेल्यांचे हाल अधिक झाल्याने ती मुदतीआधीच थांबवावी लागली होती. म्हणजे एका आजाराचे औषध दुसऱ्याला खतपाणी घालते आणि वरून दोन्ही सारखेच दिसतात. क्षयाचे औषध नियमित घेऊनही मुलाची डोकेदुखी वाढत असेल तर क्रिप्टोकॉकसची तपासणी झाली आहे का, हे पालकांनी विचारलेच पाहिजे.

ही तपासणी महागडी नाही. काचपट्टीवर द्रवाच्या थेंबात काळ्या शाईचा थेंब मिसळतात. काळ्या पार्श्वभूमीवर बुरशीच्या पेशीभोवतीचे जाड आवरण तेजोवलयासारखे उजळ दिसते. ही जुनी पद्धत बुरशी कमी असेल तर चुकू शकते. आता गर्भधारणा चाचणीच्या पट्टीसारखी पट्टी मिळते. तिच्यावर या बुरशीचे प्रतिजन काही मिनिटांत ओळखता येते आणि तिचा निष्कर्ष बराच भरवशाचा असतो. जिल्हा रुग्णालयातही ती वापरता येईल इतकी सोपी आहे.

औषधे आणि त्यांची वानवा

बुरशीविरुद्धची औषधे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत, याला जीवशास्त्रीय कारण आहे. जिवाणूची पेशी माणसाच्या पेशीहून फार वेगळी असते, त्यामुळे तिला नेमके मारणे सोपे जाते. बुरशीची पेशी मात्र रचनेने माणसाच्या पेशीच्या जवळची आहे. बुरशीला मारणारे औषध रुग्णालाही थोडेफार लागते.

अँफोटेरिसिन-बी हे १९५० च्या दशकातील औषध आजही पहिल्या पसंतीचे आहे. ते शिरेतून कित्येक तास सावकाश द्यावे लागते, मूत्रपिंडांना त्रास देते आणि रक्तातील पोटॅशियम उतरवते. नवजात बाळे त्याचा जुना, साधा प्रकार प्रौढांपेक्षा बऱ्यापैकी सोसतात, हे एक आश्चर्यच. मेदाच्या सूक्ष्म थेंबांत गुंफलेला ‘लायपोसोमल’ प्रकार मूत्रपिंडांना सौम्य, पण किमतीने भारी. २०२१ च्या उन्हाळ्यात कोविडमागून आलेल्या काळ्या बुरशीच्या साथीत याच इंजेक्शनांसाठी देशभर नातेवाईक वणवण फिरले आणि कुप्यांचे राज्यवार वाटप केंद्राला करावे लागले, हे वाचकांना आठवत असेल.

दुसरे औषध फ्लुकोनॅझोल. ते पाठीतील द्रवात उत्तम पोहोचते, तोंडानेही देता येते आणि स्वस्त आहे. सुरुवातीच्या तीव्र उपचारानंतर पुढचे आठवडे ते चालवतात. अलीकडची काही नवी बुरशीनाशके रक्तातील संसर्गात गुणकारी असली तरी मेंदूत पुरेशी उतरत नाहीत, म्हणून नवे ते चांगले हा हिशेब येथे लागू पडत नाही. क्रिप्टोकॉकससाठी तिसरे औषध लागते, फ्लुसायटोसिन. अँफोटेरिसिनच्या जोडीने ते दिल्यास रुग्ण वाचण्याची शक्यता वाढते, हे अनेक चाचण्यांनी दाखवले आहे. भारतात ते सहज मिळत नाही. औषध जुने, पेटंटमुक्त आणि रुग्ण विखुरलेले असले की बाजाराला त्यात रस उरत नाही. एकच मोठी लायपोसोमल मात्रा आणि जोडीला तोंडाने दोन औषधे ही सुटसुटीत पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये एचआयव्हीबाधितांसाठी सुचवली, मुलांसाठीही. तीही फ्लुसायटोसिनवाचून अपुरी राहते.

या संदर्भात मराठी मुलखातील एक जुनी कामगिरी सांगण्याजोगी आहे. पुण्याजवळच्या पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. तेथील शास्त्रज्ञ डॉ. एम. जे. तिरुमलाचार यांनी पिंपरीच्याच मातीतील एका सूक्ष्मजीवापासून बुरशीनाशक वेगळे केले. त्या जीवाला गावावरून ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’ आणि औषधाला कारखान्याच्या आद्याक्षरांवरून ‘हॅमायसिन’ असे नाव मिळाले. पाण्यात न विरघळणारे हे औषध तोंड, कान, त्वचा यांच्या वरवरच्या संसर्गापुरते राहिले. मेंदूज्वरावर ते उपयोगी पडले नाही.

औषध किती दिवस द्यायचे, हे दिनदर्शिकेवर ठरत नाही. पाठीतील द्रव बुरशीमुक्त होईपर्यंत, लक्षणे आणि मेंदूतील बदल ओसरेपर्यंत ते चालू ठेवतात. नवजात बाळात ते किमान तीन आठवडे तरी होतेच. शिरेतील जुनी नळी काढून टाकणे हा उपचाराचाच भाग आहे, कारण बुरशी नळीच्या आतल्या बाजूला थर करून बसते आणि त्या थरात औषध शिरत नाही. बाळाला दुसरी शीर सापडणे किती कठीण असते हे परिचारिकाच जाणतात, तरीही नळी काढावी लागते. क्रिप्टोकॉकसमध्ये मेंदूतील दाब इतका वाढतो की पाठीतून पुन्हा पुन्हा पाणी काढून तो उतरवावा लागतो. येथे तीच सुई तपासणीसाठी नसून उपचारासाठी असते. नकार देणाऱ्या नातेवाइकांना हा फरक समजावून सांगितला तर बरेचदा ते तयार होतात.

आजार होऊ नये म्हणून

मोठ्या उपकरणांपेक्षा येथे लहानसहान सवयींचा उपयोग अधिक होतो. संसर्गाची शक्यता गृहीत धरून सुरू केलेली प्रतिजैविके, तपासणीत जिवाणू उगवला नाही आणि बाळ ठीक असेल, तर थांबवणे ही त्यातील सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कठीण सवय. औषध सुरू करायला धैर्य लागत नाही, बंद करायला लागते. ज्या कक्षांत अशा संसर्गाचे प्रमाण जास्त आहे तेथे एक किलोखालील बाळांना आठवड्यातून दोनदा फ्लुकोनॅझोल देण्याची पद्धत आहे. जेथे प्रमाण कमी आहे तेथे तीच पद्धत प्रतिरोधक बुरशी वाढवू शकते, म्हणून प्रत्येक रुग्णालयाला आपापले आकडे ठाऊक असणे आवश्यक ठरते.

आईच्या दुधाचे पहिले थेंब बाळाच्या आतड्यात हितकारक जिवाणूंची वस्ती वसवतात आणि शिरेतून पोषण देण्याचे दिवस कमी करतात. बाळाला आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवण्याच्या कांगारू पद्धतीने कमी वजनाच्या बाळांतील गंभीर संसर्ग घटल्याचे अनुभवास आले आहे. गर्भवतीला जननमार्गात खाज व दह्यासारखा पांढरा स्राव असेल तर त्यावर प्रसूतीपूर्वी उपचार करून घ्यावेत. कक्षाबाहेर थांबलेल्या नातेवाइकांनी बाळाला हात लावण्यापूर्वी अंगठी-बांगड्या काढून कोपरापर्यंत हात धुणे, आणि डॉक्टर किंवा परिचारिका न धुता हात लावताना दिसल्यास नम्रपणे आठवण करून देणे, यात उद्धटपणा नाही.

बाळ घरी गेल्यानंतरही तपासण्या चालू राहतात. मेंदूतील द्रवाची वाट अडून जलशीर्ष होऊ शकते, म्हणून पहिल्या वर्षात दर भेटीला डोक्याचा घेर टेपने मोजून आलेखावर मांडावा लागतो. घेर झपाट्याने वाढला तर मेंदूतील पाणी पोटात वळवणारी नळी, म्हणजे शंट, बसवण्याची वेळ येते, पण ती आधी संसर्ग पुरता निवळल्यावरच. श्रवणशक्तीची यंत्रावरील चाचणी घरी जाण्यापूर्वी करून घ्यावी, डोळ्यांचा पडदा पुन्हा तपासावा आणि मान धरणे, बसणे, चालणे, बोलणे या टप्प्यांची नोंद किमान दोन वर्षे ठेवावी. श्योपूरच्या कुटुंबाला त्यासाठी दर वेळी २०० किलोमीटर येणे आणि एका दिवसाची मजुरी बुडवणे परवडत नाही. टेप आणि आलेख मात्र गावच्या आरोग्य केंद्रातही असतात. रुग्णालयातून सुटी देताना कागदावर आजाराचे नाव, कोणत्या दिवशी काय मोजायचे आणि केव्हा परत यायचे हे ठळक लिहून दिले तर परिचारिका व आशाताई ते काम करू शकतात. पालकांनी तो कागद सुटीच्या वेळी मागून घ्यावा आणि लसीकरणाच्या कार्डासोबत जपून ठेवावा.